पात सोडून किती खेपा?

बिजलीबाई राठोडनं एकशे बारा बायकांना एकच प्रश्न विचारला. एकशे बाराही जणींनी एकच उत्तर दिलं. नाही.

प्रश्न छापील होता. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो का? यवतमाळच्या काही डॉक्टरांनी गर्भाशयातल्या गाठींचा अभ्यास सुरू केला होता. या गाठी किती जणींना असतात आणि त्या कळायला इतकी वर्षं का जातात, हे त्यांना शोधायचं होतं. घाटंजीकडच्या बंजारा तांड्यांवर त्यांच्याच गोरबोलीत विचारणारं माणूस हवं होतं. बिजलीबाई दहावी झालेली, चाळिशीची. कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसणारी.

ज्या तांड्यावर तक्रारी निघतील, तिथंच सोनोग्राफीची गाडी येणार होती. तिच्या तांड्यावर एकही निघाली नाही.

आणि घरात मैना होती. तिची धाकटी जाऊ, अठ्ठावीस वर्षांची. अजून मूल नव्हतं. ओठ पांढरे पडलेले. भरली बादली उचलली की धाप लागायची. एका डॉक्टरनं नुसतं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, पिशवी काढून टाका. महिनाअखेरची तारीखही दिली. मैनानंही कागदावर 'नाही'च सांगितलं होतं.

"तू काहून नाही म्हटलं व?" बिजलीबाईनं विचारलं.

"मंग काय म्हनू, बाई? माह्या मायले असंच जाये. मावशीलेही असंच. जास्त म्हंजे कोनापेक्षा जास्त?"

बिजलीबाईनं कागदावरचा प्रश्न पुन्हा वाचला. एकशे बारांपैकी एकही खोटं बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं यवतमाळला गेली. अभ्यासाचं काम डॉक्टर प्रेरणा पाहायच्या.

"म्याडम, तुमचा सवालच चुकला."

"मग पॅड किती लागतात, असं विचारू या?"

"कोन वापरते प्याड? जुनी साडी फाडतेत. फडके कोनी मोजत नाही."

"मग मोजतात काय?"

बिजलीबाईनं डोळे मिटले. कापूस वेचताना प्रत्येकीला एक ओळ मिळते. तिला पात म्हणतात. फडकं बदलायला मधेच उठून जाणारीची पात मागं पडते. सगळ्या वावराला ते दिसतं, आणि बायका टोमणे मारतात. ते कुणीच विसरत नाही.

"असं इचारू. पाळीत पात सोडून किती खेपा उठा लागते?"

प्रेरणा मॅडमनी लिहून घेतलं. नवा प्रश्न मंजूर व्हायला आठवडा लागला. बिजलीबाई पुन्हा त्याच दारांत गेली.

"चार खेपा."

"सहा. मालकीन म्हनते, तुले काय जुलाब लागले का?"

"मी त ते दोन दिवस जातच नाही वावरात."

सदतीस जणींच्या तक्रारी निघाल्या. गाडी तांड्यावर आली. महिना संपायला पाच दिवस होते.

मैना टेबलावर झोपली. बिजलीबाई तिचा हात धरून उभी. पडद्यावर करडं धुकं आणि त्यात एक गोल सावली.

"ही गाठ," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. "लिंबाएवढी. कॅन्सरची वाटत नाही, या गाठी बहुतेक वेळा तशा नसतातच. एवढ्यासाठी पिशवी काढायची गरज नाही. आधी रक्त वाढवू. मग मोठ्या दवाखान्यात फक्त गाठ काढता येईल."

मैना कोपरावर उठली. "अन् लेकरू?"

"शब्द देत नाही. पण वाट बंद झालेली नाही."

बाहेर सासू रुपीबाई वाट पाहत होती. बिजलीबाई तिच्याजवळ बसली. मग म्हणाली, "याडी, कापसाच्या जिनात कसं करते? सरकी काढते, रुई ठेवते. तसंच."

"मंग थे सरकी कोनाले इकता?" म्हातारीनं विचारलं.

मैना हसली. हसता हसता खाली बसली आणि रडू लागली. कुणी तिला थांबवलं नाही.

तिचा नवरा हरिसिंग तारीख देणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात फोन लावून कोपऱ्यात गेला. त्याला अशा गोष्टी बोलायची लाज वाटायची.

"मैना राठोडचं नाव काढून टाका... नाही, पुढची तारीख नको," तो पुटपुटला.

मैनानं पदरानं तोंड पुसलं.

"जोरात सांगा," ती म्हणाली. "त्यायले आयकू जाऊ द्या."