ओवाळणीच्या पाच मेंढ्या

आमची आत्या विसरत नाही. देवानं तिला दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या, आवाज आणि आठवण. आवाजानं ती मेंढरं वळवते आणि आठवणीनं माणसं सरळ करते. श्रीपूरजवळच्या एका ऊसवाल्यानं एका उन्हाळ्यात आमची तहानलेली मेंढरं विहिरीवरून हाकलली होती. आत्या तेव्हा एक शब्द बोलली नाही. पुढच्या वर्षी तिनं त्याच्या चारी बाजूंच्या शेतांत लेंडीखतासाठी मेंढरं बसवली आणि त्याचं रान तेवढं मधोमध वगळलं. शेजाऱ्यांचा ऊस डोक्यावर गेला, ह्याचा कमरेशी येऊन थांबला. त्यानंतर तो माणूस स्वतः बादली घेऊन मेंढरांना पाणी पाजायला उभा राहायचा. आत्या त्याला म्हणायची, "पाजा की. पुण्य लागतं."

आत्या म्हणजे म्हाळसाबाई, माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि माझी सासू. आमच्यात मामाची पोर सून करून आणायची रीत आहे. म्हणून मी प्रियंका, बापूसाहेबांची लेक, नातेपुत्याजवळच्या वस्तीवरून आत्याच्या धुळाला दिली गेले. आत्याचं माहेर तेच माझं माहेर. पुढं जे झालं त्यात आम्हा दोघींचा राग एकाच घरावर निघाला, तो यामुळं. आणि आधीच सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही.

आमच्या तळावर, म्हणजे चाऱ्यामागं फिरताना मेंढरांसकट पडतो त्या मुक्कामावर, आत्याचा एक नियम होता. बाजारातून आणलेलं जनावर थेट कळपात सोडायचं नाही. त्याला लांब, वेगळ्या वाघरीत कोंडायचं. वाघर म्हणजे मेंढरं रात्री आत ठेवायची सुताची जाळी. तीन आठवडे त्याचं पाणी वेगळं, चारा वेगळा. आत्या म्हणायची, "बाजारचं जनावर म्हंजी परक्याचं खरकटं. कुणाच्या तोंडचं हाय ते आपल्याला काय ठावं?" हे तिला कुणा डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. एकदा हात पोळले होते, ते ती विसरली नव्हती, इतकंच.

त्या वर्षी साखर कारखान्याचा बॉयलर नुकता पेटला होता आणि आमचा तळ श्रीपूरच्या रानात होता. भाऊबीजेला आप्पा, म्हणजे माझे वडील, टेम्पो घेऊन आले. टेम्पोत पाच मेंढ्या, कपाळाला भंडारा फासलेल्या. बहिणीची ओवाळणी! दरवर्षी लुगडं आणि हातावर नोट टेकवणारा माणूस एकदम पाच मेंढ्या देतोय म्हटल्यावर आत्याला आभाळ ठेंगणं झालं. मी आपली हळूच विचारून गेले, "आत्या, ह्या लांब बांधायच्या का?"

आत्या तबक हातात घेऊन माझ्यावर कडाडली. "माज्या भावाची मेंढरं हायती ती! माहेरच्याला कुणी दाराभाईर उभं करतं व्हय?"

तिनं स्वतः त्यांना हळदकुंकू लावलं, स्वतः वाघर उचलली आणि पाचही मेंढ्या कळपात सोडल्या. थंडीच्या दिवसांत मेंढरं वाघरीत अंगाला अंग लावून, नाकाला नाक भिडवून बसतात. परक्यांसाठी केलेला नियम आपल्या माणसाला लागत नाही, अशी आमची सगळ्यांचीच समजूत होती.

आठवडा सरायच्या आतच त्या पाचातली एक शिंकायला लागली. मग नाकातून घट्ट पाणी, तोंडात फोड, मग हगवण. बघता बघता आमच्या मेंढ्या तिच्यामागून निघाल्या. आधी कोकरं पडली. मोठ्या मेंढ्यांचं दूध आटलं, म्हणून मी बाटलीनं कोकरांना दूध पाजत बसायचे. तोंडातल्या फोडांमुळं त्यांना रबरी बूच चोखता यायचं नाही. एक पांढरं कोकरू माझ्या मांडीवर, बाटलीचं बूच तोंडात असतानाच गेलं. मी ते तसंच धरून बसले होते. धुळानं ते माझ्या हातातून काढून घेतलं, तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या.

सरकारी दवाखान्यातून डॉक्टर चेतना आल्या. बाई मूळच्या बार्शीच्या, बोलणं स्वच्छ आणि तोंडावर. "पीपीआर आहे मावशी, तुम्ही बुळकांडी म्हणता तो रोग. खोकल्यातून, नाकाच्या पाण्यातून, लेंडीतून जातो. एका हौदात तोंडं घातली तरी पुरे. लस घेतली नव्हती?"

लस टोचणारी माणसं आमच्या गावी येऊन गेली तेव्हा आम्ही वाटेवर होतो. आमच्यासारख्यांना गाठायचं तर लशीलाही पाय पाहिजेत. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कामाला लावलं. आजारी जनावरं वाऱ्याच्या खालच्या अंगाला, वेगळ्या वाघरीत. आधी निरोगी मेंढरांचं करायचं, मग आजाऱ्यांचं, उलटं कधी नाही. हातपाय, बादल्या, सगळं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं. मेलेलं जनावर ओढ्यात टाकायचं नाही, खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. जी अजून धड होती त्यांना लस टोचली आणि आजूबाजूच्या तळांवरच्या मेंढरांनाही. जाताना त्यांनी विचारलं, "मधे नवीन जनावर आलं होतं का?"

आत्यानं चुन्याच्या खड्ड्याकडं बघितलं. मग म्हणाली, "घरचीच आली हुती."

आणि त्यानंतर तिनं काय केलं असेल? भावाला फोन लावला. भांडायला नाही, सावध करायला. "बापू, तुज्या मेंढरांकडं बग रं बाबा. रोग लई वंगाळ हाय."

फोन स्पीकरवर होता. आप्पा हसले. "माज्याकडं समदं झ्याक हाय, आक्का. उसाच्या शेंड्याचं वाडं ज्यादा खाल्लं आसंल त्यांनी. आनि मेंढरंच हायती की, माणसं न्हाईत. रडू नगंस."

पांढऱ्या कोकराची बाटली तेव्हा माझ्या हातात होती. हे वाक्य मी गाठ मारून ठेवलं.

चार दिवसांनी गुंडा आला. गुंडा म्हणजे आप्पांकडचा मेंढरं राखणारा गडी. आप्पांशी वाजलं म्हणून आमच्याकडं काम मागायला आला होता. आत्यानं त्याला लांबच थांबवलं. त्याची नजर चुना टाकलेल्या खड्ड्यावर गेली.

"हितंबी आलं व्हय?"

आत्या पुढं झाली. "हितंबी म्हंजी? आनि कुटं आलंय?"

गुंडा रडकुंडीला आला, पण बोलला. दिवाळीच्या आधीपासून आप्पांच्या कळपात मेंढ्या पडत होत्या. त्यानं स्वतः त्या ओढ्याकाठी पुरल्या होत्या. मेलेल्यांच्या अंगाला अंग लावून बसणाऱ्या पाच मेंढ्या होत्या, दिसायला अजून ठणठणीत. आप्पा म्हणाले होते, मेंढरं बघायला येणाऱ्या व्यापाऱ्यासमोर शिंकायला लागायच्या आत ह्या नजरेआड झाल्या पाहिजेत, आणि आक्काची ओवाळणी पण द्यायचीच आहे. एका दगडात दोन पक्षी. आणि आता येत्या रविवारी उरलेली सगळी मेंढरं ट्रकात घालून बाजाराला निघणार होती, तीही पडायच्या आत.

आत्या रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं उजव्या हाताचा अंगठा निरखून पाहिला. "ह्याच बोटानं मी त्याला कुकू लावलं," ती म्हणाली. मग तिचा आवाज आला, मेंढरं वळवायचा. "टेम्पो बोलाव धुळा. त्येनं दिल्याल्यातली एक अजून जीव धरून हाय. ती त्याच्या हौदात नेऊन बुडवते. माहेरचं माहेरी."

धुळा म्हणाला, "आये, त्याच्याकडं रोग हायच की. तुजी मेंढी नेऊन काय हुनार?"

"मग त्याचं वाटुळं कशानं हुईल ते सांग!"

मी म्हणाले, "ट्रक थांबला की हुईल."

दोघंही माझ्याकडं बघायला लागली. मी बारावी शिकलेली, डॉक्टरीणबाई काय सांगतात ते मी नीट ऐकलं होतं. रोग पसरलेल्या भागातून जनावर हलवायला बंदी असते. दवाखान्यात कळवलं की तपासणी होते, ट्रक निघत नाही, विक्री होत नाही. नाही कळवलं तर रविवारी बाजार आणि सोमवारी गावोगाव तेच खड्डे, तोच चुना.

"गावांचं मागनं बगू," आत्या म्हणाली. "बापूचा ट्रक थांबतो का न्हाय, तेवढं सांग."

"थांबतो."

"मग लाव फोन."

धुळा मधे पडला. "आये, मामा हाय त्यो. रक्ताच्या माणसाला कुणी सरकारच्या तोंडी देतं व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

"तुजा मामा हाय," मी म्हणाले. "माजा बाप हाय. म्हणून मीच लावते."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि बजावलं, की आता बंदी आली की आमचा तळही पूर्ण बंद. हलायचं नाही, उरलेल्यातलं एक कोकरूसुद्धा विकायचं नाही. आत्यानं माझ्या हातातून फोन ओढला. "आमच्या दाराला कुलूप लावा बाई, किल्ली बी घिऊन जावा. पर आदी त्याच्या दाराला लावा."

रविवारी सकाळी आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून तयार. तिला नातेपुत्याला जाऊन ट्रक थांबताना बघायचा होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवरूनच नाही म्हटलं. "तुमच्या पायांना, कपड्यांना रोग चिकटलेला असू शकतो मावशी. तुम्ही गेलात तर तो वाटेवरच्या मेंढरांना द्याल."

आयुष्यात पहिल्यांदा आत्याच्या डोळ्यांत पाणी बघितलं, ते तेव्हा. सूड घ्यायचा आणि बघायचाही नाही! शेवटी, आमच्याकडं काम न मिळाल्यानं आप्पांकडंच परत गेलेल्या गुंडानं तिथून व्हिडिओ कॉल लावला. माझ्या फोनची काच फुटलेली, त्यात आत्या डोळा घालून बसली. ट्रकाला फळी लावलेली, निम्मी मेंढरं वर चढलेली, खाली डॉक्टरीणबाई आणि त्यांची माणसं. एकेक मेंढरू खाली उतरायला लागलं.

"उतरवा," आत्या पुटपुटत होती. "अजून उतरवा. ते कोपऱ्यातलं बी."

व्यापारी हात झटकून गाडीवर बसून निघून गेला. आप्पा ओरडत होते, "कुणी सांगितलं? कोन भेदी हाय त्यो?" डॉक्टरीणबाई पुढचं मेंढरू उतरवून घेत राहिल्या. नाव सांगायचं नसतं म्हणे त्यांनी. पण आत्याला असलं काही लागू होत नाही. ती फोनमध्ये अशी ओरडली, की तळावरची कुत्री उठली.

"मी सांगितलं, बापू! तुज्या आक्कानं!"

आप्पांनी गुंडाच्या हातातला फोन बघितला. त्यांचं तोंड जवळ आलं, मोठं, घामेजलेलं. मी आत्याच्या खांद्यावरून वाकले. "आनि फोन मी लावला, आप्पा. मेंढरंच हायती की. रडू नगासा."

ते म्हणाले, तू माझी लेक नाहीस. मी म्हणाले, बरं.

लोकांनी तोंडात शेण घातलं, धुळा म्हणाला होता तसंच. पाहुण्यांनी आमच्या तळावर यायचं सोडलं. आम्ही एका जागी अडकून पडलो, चारा संपत आला. तेव्हा तो विहिरीवाला ऊसवाला उसाचं वाडं भरून बैलगाडी घेऊन आला आणि न विचारता टाकून गेला. आत्याला घाबरून असेल किंवा माणुसकीनं, मी विचारलं नाही. आमची निम्मी मेंढरं गेली. आमच्यानंतर शेजारच्या एकाही तळावर मात्र रोग गेला नाही.

आणि आप्पांचं? त्यांची मेंढरं वेळेत वेगळी काढली, जी धड होती त्यांना लस टोचली, आणि कळपातली बरीचशी वाचली. बाजारात नेली असती तर वाटेतच पडली असती. हे कळलं त्या दिवशी आत्या जेवली नाही. "सूड घ्याया गेले आनि त्याचंच भलं करून बसले," म्हणत दिवसभर भांडी आपटत होती. मला हसू येत होतं, पण रागही तितकाच येत होता. आमची खड्ड्यात आणि त्यांची चरतायत, हा कुठला न्याय?

वर्ष गेलं. दिवाळी आली. भाऊबीजेला दिवेलागणीच्या सुमाराला आप्पा आले. वाळले होते. एका हातात लुगड्याची पिशवी, दुसऱ्या हातात एका मेंढीचा दोर. तिच्या कानात लसीचा पिवळा बिल्ला होता.

आत्यानं तबक केलेलं होतं. निरांजन लावलेलं, कुंकू, सुपारी, सगळं. तिनं ते का केलं होतं, मला माहीत नाही. आप्पा वाघरीपाशी आले आणि जाळी उचलायला वाकले.

"तितंच थांब," आत्या म्हणाली.

"आक्का, मेंढी धड हाय. बिल्ला बग की. लस टोचल्याली हाय."

"मेंढी तिकडं लांब बांद. तीन आठवडं तिचं पानी येगळं, चारा येगळा. मग घीन मी तिला."

आप्पांनी निमूटपणे मेंढी दूरच्या खुंट्याला बांधली. परत येऊन जाळीपाशी उभे राहिले. "आनि मी?"

"तू बी तिच्यापाशीच बस. मेंढीच्या पोटातलं तीन आठवड्यात भाईर येतं, बापू. तुज्या पोटातलं कळाया मला पन्नास वरसं लागली."

आप्पा माझ्याकडं बघायला लागले. "प्रियंका, तू तरी सांग की गं." मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. ते जाऊन मेंढीशेजारी खाली बसले. पिशवी मांडीवर होती.

वाऱ्यानं तबकातलं निरांजन विझलं. ते परत लाव असं आत्या म्हणाली नाही, आणि काडेपेटी माझ्याच हातात होती, तरी मी उठले नाही.