रायपूरचा ताजा कोळसा

मावशी नागपूरला यायला तयार झाली ती वांग्याच्या भरतासाठी.

मावसाजी, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हापासून ती रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या घराबाहेर पडली नव्हती. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. तिचा मुलगा निखिल दर आठवड्याला फोन करायचा. "दीदी, कुछ दिन आप ले जाओ. मेरे से तो बात ही नहीं करती." मी तिला नागपूरच्या डॉक्टरांचं आमिष दाखवून पाहिलं, संत्र्यांचं दाखवलं, मला एकटं वाटतं असंही सांगितलं (हे खोटं होतं). शेवटी सहज बोलून गेले की रविवारी मागच्या अंगणात मी कोळशावर वांगी भाजते.

"खऱ्या कोयशावर?" तिने विचारलं. आमच्या वऱ्हाडी घरांत कोळशाला कोयसाच म्हणतात. "ग्यासवरचं भरीत मी तोंडात नाही घालत, सांगून ठेवते."

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी आणि माझा नवरा सुधीर निघालो. कामं दोन होती: मावशीला सुखरूप घेऊन यायचं आणि तिच्या भरतासाठी उत्तम कोळसा आणायचा. अंगणात भाजणाऱ्या वाचकांनी ही पोस्ट शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती आहे.

रस्ता चार पदरी, पाच-साडेपाच तासांचा. भंडारा, साकोली, देवरी, मग बागनदीला राज्य बदलतं, पुढे राजनांदगाव, दुर्ग, भिलाई. टोलनाके बरेच आहेत, फास्टॅग भरून ठेवा. साकोलीच्या पुढे जंगलाचा पट्टा लागतो, थंडीत तिथे धुकं उशिरापर्यंत उठत नाही. जेवण साकोलीतच उरका. आम्ही "पुढे बघू" म्हटलं, आणि राजनांदगावपर्यंत सुधीरने माझ्याशी फार मोजकं बोलणं ठेवलं.

मावशी दारात आली नाही. आत पलंगाच्या एका कडेला बसली होती, शेजारची जागा मोकळी सोडून. मी तिथे टेकणार तर तिने हाताने खुर्ची दाखवली. "तिथं बस. इथं नको."

शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर फरा खाल्ला. तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणी दिलेले मुटके, सोबत टोमॅटोची झणझणीत चटणी. गेलात तर चुकवू नका. मग निखिल आम्हाला गोल बाजारात घेऊन गेला. रायपुरात नुसतं "कोयला" मागितलं की दगडी कोळसा पुढ्यात येतो, म्हणून "लकड़ी कोयला" म्हणायचं.

मी कोळसा कसा पारखते ते इथे लिहिते, कारण पुढे त्याचाच हिशेब द्यायचा आहे. तुकडा हातात जड लागायला नको, पण पिठूळही नको. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखा आवाज यावा. मोडल्यावर आत चकाकी दिसावी. मध्ये तपकिरी उरलं असेल तर लाकूड कच्चं राहिलंय, ते धूर करणार. पोत्यात वर मोठे तुकडे आणि खाली चुरा ही नेहमीची रचना, म्हणून हात तळापर्यंत घालायचा. आकार सारखे नसतील तर आच सारखी मिळत नाही. वांगं एका बाजूने करपतं, दुसऱ्या बाजूने दडस राहतं. शेवटी एक तुकडा पेटवून बघायचा. धूर नाही, वास नाही, तडतड नाही आणि राख पांढरी, तर माल उत्तम.

गोल बाजारातल्या दुकानदाराने मला पोतं उपसताना बराच वेळ पाहिलं. "मैडम, इस पे खाना बनाना है कि इसकी शादी करानी है?" निखिल हसला. माल कच्चा निघाला. आम्ही बाहेर पडलो.

निखिलला छत्तीसगडच्या नव्या राजधानीच्या रस्त्यावरची एक वखार माहीत होती. तो रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. सहा पदरी, धुतल्यासारखा स्वच्छ, दोन्ही बाजूंना फुलझाडं, आणि माणूस नाही. एका चौकात सिग्नल लाल होता. आम्ही थांबलो. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठीचे आकडे एकेक कमी होत गेले, शून्य झालं, पुन्हा सुरू झाले. ओलांडायला कोणी नव्हतं. बसथांब्यावरचा पंखा फिरत होता. सुधीर म्हणाला, "काच लाव." मी लगेच लावली. मलाही कोणीतरी आत्ताच तिथून उठून गेल्यासारखं वाटत होतं.

वखारीत भिंतीला टेकवून पोत्यांची रांग उन्हात उभी होती. शेवटच्या पोत्यात मी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. उन्हाची असेल म्हटलं, आणि खरं सांगते, त्या थंडीत हात बाहेर काढावासा वाटेना. तुकडे बाभळीचे, सगळे हाताच्या पंजाएवढे, वरपासून तळापर्यंत एकसारखे. आपटला की खणखणीत. असा माल मी आजवर पाहिला नव्हता. मालकाने एक तुकडा पेटवला. धुराची रेघसुद्धा नाही.

खाटेवर मालकाची म्हातारी आई ऊन खात बसली होती. ती मला म्हणाली, "ए बोरा ह अभी जियत हे, नोनी."

मी निखिलकडे पाहिलं.

"बोल रही है, माल ज़िंदा है. मतलब फ्रेश है, दीदी."

"एकदम फ्रेश," मालक म्हणाला. "आज सुबह ही उतरा है."

म्हातारीने हात झटकल्यासारखा केला आणि तोंड फिरवलं. मला तो स्वभाव वाटला. दर नागपूरपेक्षा थोडा कमी होता, माल ताजा होता. मी तेच पोतं घेतलं.

रविवारी सकाळी निघताना डिकी मावशीच्या सामानाने भरली: कपड्यांची बॅग, देवांचा डबा, लोणच्याची बरणी. कोळशाचं पोतं मागच्या सीटवर तिच्याशेजारी उभं राहिलं. सीट काळी होऊ नये म्हणून निखिलने ते मावसाजींच्या जुन्या तपकिरी ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि वळणावर कलंडू नये म्हणून पट्टा लावला. तो मावशीच्या पाया पडला. मला म्हणाला, "दीदी, संभाल के." मी म्हटलं, "काळजी करू नकोस, फुलासारखी नेते."

धुकं दाट होतं. मावशीचे कान दुखतात म्हणून काचा घट्ट बंद, हीटर चालू. दुर्ग सोडल्यावर माझं डोकं जड झालं. सकाळचा चहा राहिला होता, त्याचा दोष. राजनांदगावनंतर सुधीर म्हणाला, "हा ट्रक आपण मघाशीच मागे टाकला होता ना?" मागच्या पाटीवर पोपट काढलेला ट्रक. मलाही तो आधी पाहिल्यासारखा वाटला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं, आणि पुढे खरंच पोपट होता. बागनदी गेली की यायची आहे, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

तेवढ्यात मागून मावशी बोलली. "सरका ना थोडेसे."

मी आरशात पाहिलं. ब्लँकेट पांघरलेली, पट्टा लावलेली एक आकृती तिच्याकडे किंचित झुकलेली. मग पोतं असल्याचं आठवलं.

"कोणाला म्हणतेस, मावशी?"

"ह्यायले. आंगावर येऊन राहिले. तुमचं पहिल्यापासून असंच आहे." ती चक्क हसली. "आठवते काय, दुर्गच्या गाडीत? मी खिडकीशी बसली होती, न् तुम्ही..."

सुधीरने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हटलं, "बोलू दे तिला." इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा इतकं बोलत होती. गाल गुलाबी झाले होते. इतकी छान ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती, आणि मला वाटलं, आणली ते बरं केलं.

"रंजू," ती मला म्हणाली, "ह्यायले ताप आहे वं. आंग पाह्य किती गरम लागते."

"हो का," मी म्हटलं. लहान मुलाला म्हणावं तसं.

मग तिने डोकं त्या ब्लँकेटवर टेकवलं आणि गप्प झाली. पुढे धुकं, पोपट, धुकं. मी दोनदा हाक मारली. ओ आली नाही. तिची शाल घसरली होती, ती सावरायला मी मागे वळून हात लांब केला, आणि हात पोत्याला लागला.

तापलेल्या कपाळासारखं. मावशी खरं सांगत होती.

"गाडी थांबव," मी म्हटलं. जीभ जड झाली होती, शब्द नीट उमटला की नाही कोण जाणे. सुधीरने गाडी कडेला घेतली. दार उघडून उतरले आणि गाडीला धरत मागच्या दारापर्यंत गेले. दोघांनी मिळून मावशीला बाहेर ओढलं. सुधीर कडेला बसून ओकला. मी पोतं खेचून खाली पाडलं आणि ब्लँकेट सोडलं. आतल्या बाजूला ताटाएवढा करपल्याचा डाग पडला होता. पोतं फाटलं, कोळसा पसरला. धूर नाही, वास नाही. मधोमध मात्र लाल. हवा लागली तसा तो लाल डाग डोळा उघडावा तसा मोठा होत गेला.

एक ट्रक थांबला. त्यावर पोपट होता की नाही ते मी पाहिलं नाही. ड्रायव्हरने पाण्याचा ड्रम ओतला. आजूबाजूला वाळलं गवत आणि जंगल, म्हणून शेवटचा तुकडा काळा होईपर्यंत तो हलला नाही. मग आमच्या गाडीची चारही दारं उघडून आतली हवा घालवली आणि त्यानेच आम्हाला जवळच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला.

मावशीला ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत ती डोळे उघडून लोणच्याची बरणी विचारू लागली. तरुण डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "पण धूर अजिबात नव्हता."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "कोळशातून येणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. धूर असता तर खोकत लवकर उतरला असता."

एवढंच लिहायचं होतं. भट्टीतून नुकताच काढलेला कोळसा पूर्ण विझलेला नसतो. विझल्यासारखा दिसला तरी हवा लागली की आपोआप तापू शकतो. त्याला काही दिवस उघड्यावर पसरून निववावं लागतं. भाजीवाल्याला विचारतो तसं कोळशाला "ताजा आहे का" विचारू नका, "जुना आहे का" विचारा. आणि बंद गाडीत माणसांबरोबर जुनाही ठेवू नका. निखिलने वखारीत जाऊन भांडण केलं. मालक म्हणाला, "अम्मा ने तो बोला था." बोलली होतीच. मी "जियत" हा शब्द कौतुकाचा धरला. जो माल धूर करत नाही तो उत्तम, ही पारख मी इतकी वर्षं शिकवत आले. त्या दिवशी गाडीत सगळं याच कसोटीप्रमाणे चाललं होतं.

भरीत झालं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडचं जुनं, ओबडधोबड पोतं मी अंगणात आठवडाभर पसरून ठेवलं. वांगं एका बाजूने करपलं. मावशीने दोन वेळा मागून घेतलं आणि म्हणाली, "जमलं." ती आता बोलते, फाटकापर्यंत चालते. अंगणातल्या बाकावर बसते ती एका कडेला.

मी आता पोतं उघडण्याआधी त्यावर तळहात ठेवते आणि वाट पाहते. आजारी पोराचं कपाळ बघावं तसं. गेल्या रविवारी मी अशी वाकलेली असताना ती बाकावरून बघत होती.

"ताप आहे काय?"

"नाही मावशी. गार आहे."

तिने शेजारच्या जागेवरून हात फिरवला, धूळ झटकावी तसा.

"मंग ते नाही आले," ती म्हणाली. "तुम्हीच तर उतरवून देल्लं त्यायले, जंगलात."