तळ्याच्या दोन बाजूंनी

एस्टीतला कंडक्टर प्रवासी मोजताना तुम्ही पाहिला असेल. नजर एकेका डोक्यावर टेकवत तो पुढे सरकतो आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो. आमच्या काकू मात्र हाताने मोजायच्या. प्रत्येकाच्या खांद्याला तळहात लावत जायच्या आणि शेवटच्या माणसापाशी पोचल्या की मागे वळून विचारायच्या, "कोनी राहिलं काय?"

समोर बस नसायची. अकोल्याहून दर्यापूरकडे जाताना लागणाऱ्या एका पाझर तलावाची पाळ असायची, रविवारची सकाळ असायची आणि गळ्यात मफलर गुंडाळलेले आम्ही पंधरा-वीस जण असायचो. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी सुनेच्या तावडीतून दोन तास सुटलेल्या सासवा. काकू आम्हाला पाखरं दाखवायला नेत असत.

काकू निवृत्त कंडक्टर. अकोला-दर्यापूर मार्गावर त्यांची निम्मी नोकरी गेली. जठारपेठेत माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं, ते मी कौतुकाने त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "नुसते चालून काय करता भाऊ? पाखरं पाहत चाला. पायाले कळत नाई. मी नेतो तुमाले."

आमच्याकडच्या बायका 'मी नेतो', 'मी येतो' असंच बोलतात. पुण्याहून आलेला माझा साडू ते ऐकून दरवेळी दचकतो.

खरं सांगायचं तर काकूंना पाखरांतलं फार कळत नसे. नावं त्या हमखास विसरायच्या. शराटीला बगळा म्हणायच्या, खाटकाला कोतवाल. पण एखादं पाखरू दिसल्यावर त्यांना जो आनंद व्हायचा, तो पाहायलाच निम्मे लोक येत असावेत. "अवो माय!" म्हणून त्या शेजारच्याचा दंड असा धरायच्या की रविवारी संध्याकाळपर्यंत दुखायचा. नाव सांगायचं काम मॅडमचं होतं.

मॅडम दर्यापूरला प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि अकोल्याहून रोज अपडाऊन करायच्या, काकूंच्याच बसने. दोघींची ओळख कशी झाली, ते काकू प्रत्येक नव्या माणसाला सांगत. हिवाळ्यातली सकाळ. बस भरलेली. खिडकीपाशी बसलेल्या मॅडम एकदम ओरडल्या, "थांबवा, थांबवा!" काकूंनी घंटी मारली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला. कुणाला काय झालं म्हणून सगळे उठून उभे राहिले.

"कोनाले उतराचं हाये?" काकूंनी विचारलं.

"कुणालाच नाही. ते बघा ना," मॅडम म्हणाल्या.

तूर कापून मोकळ्या झालेल्या वावरात करकोच्यांचा मोठा थवा उतरला होता. मॅडमनी पर्समधून दुर्बीण काढून काकूंच्या हातात दिली. ड्रायव्हर चिडून हॉर्न वाजवत होता आणि काकू दुर्बीण सोडायला तयार नव्हत्या. "त्या दिवशी बस लेट झाली," काकू सांगायच्या, "आन् माही जिंदगी सुधरली."

दोघी निवृत्त झाल्यावर रविवारचं फिरणं सुरू झालं. माणसं काकूंनी जमवायची, पक्षी मॅडमनी ओळखायचे. मॅडम बारीक, मोजकं बोलणाऱ्या, शिस्तीच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. घरात त्या आणि पुस्तकं. काकूंचं घर म्हणजे कायम पाहुण्यांनी भरलेलं. पण दोघींचं जमलं होतं. एकदा आम्ही सेमाडोहला गेलो होतो. नदीकाठी मॅडमनी सगळ्यांना खाली बसवलं आणि काही वेळ कुणीही बोलायचं नाही असं बजावलं. जंगल ऐकायचं होतं. आम्ही ऐकत बसलो. थोड्या वेळाने मागून अगदी काकुळतीचा आवाज आला, "मॅडम, आता बोलू काय?" मॅडमना इतकं हसू आलं की पलीकडच्या काठावरचं सांबर पळून गेलं. मॅडमना तशा हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

हे सगळं मोडलं ते एका उन्हाळ्यात.

तळ्याशेजारच्या ई-क्लासच्या जमिनीत, म्हणजे गावच्या गुरचरणीत, टिटवीने अंडी घातली होती. उघड्यावर, गोट्यांमध्ये. मॅडमनी ती एकट्या काकूंना दाखवली आणि कुणाला सांगू नका म्हणाल्या. आता आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. अंडी किती, उंचावर की खोलगट जागी, यावर बायामाणसं तासभर बोलू शकतात. दर्यापूरकडे काकूंचं माहेर, माळ्याचं घर, भाजीपाल्याची शेती. भाजीबाजारात माहेरच्या बाया भेटल्या, पावसाचा विषय निघाला आणि काकूंच्या पोटात काही राहिलं नाही.

पुढच्या रविवारी दोन जीपा भरून बाया आल्या. काकूंनी त्यांना रांगेत उभं केलं. "एकेक करून. धक्का नोको. पाह्यलं का सरका पुढं." वर टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत होती. एकीचं पाहून होईपर्यंत दुसरी, दुसरीचं होईपर्यंत तिसरी. कुणी अंड्यांना हात लावला नाही, कुणी वाईट वागलं नाही. पण वेळ फार गेला. मॅडमची स्कूटर त्या दिवशी पंक्चर झाली होती, त्या उशिरा पोचल्या. पाळीवरून गर्दी पाहून त्या जवळजवळ धावतच आल्या. तोवर बाया जीपकडे वळल्या होत्या. टिटवी अजून खाली उतरायला घाबरत होती आणि इतका वेळ बाभळीवर बसून आमच्याकडे पाहणारे कावळे आमच्या डोळ्यांदेखत खाली उतरले.

मॅडमनी दगड मारले, ओरडल्या. उपयोग झाला नाही.

"कुणाला सांगू नका म्हटलं होतं ना मी?"

"लोकाईले पावसाचं पाहाचं होतं मॅडम. पेरनीचे दिवस आले."

"तुम्हाला पक्षी नकोच आहेत, बाई. तुम्हाला बस भरायची असते नुसती."

काकूंचा चेहरा लाल झाला. माहेरच्या बाया जीपमधून मान वळवून पाहत होत्या. काकू म्हणाल्या, "आन् तुमाले मानसं नोको हायेत. म्हून तं एकल्या हा. एकल्याच राहाल."

दुर्बिणीचा पट्टा गळ्यातून काढून मॅडमनी हाताला गुंडाळला आणि त्या पाळीवरून परत गेल्या. काकूंना ते बोलायचं नव्हतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं होतं. पण बोलून झालं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आमचे दोन गट झाले. पाणपक्षी तर त्याच तळ्यावर येणार, म्हणून दोन्ही गट रविवारी तिथेच. काकूंचा मोठा घोळका पाळीवरून निघायचा, मॅडमची पाच-सहा माणसं पलीकडच्या काठाने. सांडव्यापाशी दोन्ही गट समोरासमोर यायचे. आम्ही एकमेकांना नमस्कार करायचो, कुणाचा नवरा त्या गटात तर बायको ह्या गटात, ते एकमेकांना घराची किल्ली द्यायचे. काकू आणि मॅडम त्या वेळी पाण्याकडे पाहत असायच्या. दोघींनाही नेमकं तेव्हाच पाण्यात काहीतरी फार महत्त्वाचं दिसायचं.

मी दोन्हीकडे खपून जायचो. काकू मला बाजूला घेऊन म्हणायच्या, "भाऊ, ते तपकिरी बदक कोनतं हाये, इचारून या. माह्यं नाव सांगू नोका." मी पलीकडे जाऊन विचारायचो. मॅडम नाव सांगायच्या आणि थोडं थांबून म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, रंगावर जाऊ नका, चोच बघा." काकू उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पुडी माझ्या हातात द्यायच्या, "तुमच्या घरच्या म्हनून देजा." मॅडम एक शेंग सोलून खायच्या आणि विचारायच्या, "ओवा घातलाय. तुमच्या घरी घालतात?" मी काही बोलायच्या आत पुडी त्यांच्या पर्समध्ये गेलेली असायची.

हसू यायचं आम्हाला. हे असं चाललंय तोवर कधीतरी मिटेल, असं सगळे धरून होतो. मी काकूंना एकदा म्हटलंदेखील, "जाऊन या ना एकदा त्यांच्या घरी."

"मी कावून जाऊ? कायच्यासाठी? त्याईनंच सुरू केलं होतं." मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "त्या पाखराचं बोलल्या भाऊ. मी त्याईच्या घराचं बोललो."

संक्रांतीला त्या गेल्या. हे मला फार नंतर कळलं. तिळगुळाचा डबा घेऊन संध्याकाळी मॅडमच्या फाटकापर्यंत गेल्या. आत दिवा होता, रेडिओ चालू होता. काकूंनी कडीला हात लावला, आणि पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचेना. शेजारचं कुत्रं भुंकलं, कुणीतरी खिडकीतून डोकावलं. उद्या येऊ म्हणून त्या परत फिरल्या. मग सुनेचं बाळंतपण आलं, मग माहेरी लग्न निघालं. उद्या राहूनच गेला.

होळीच्या आधी मॅडमना पक्षाघात झाला. अमरावतीहून भाऊ आला आणि त्यांना घेऊन गेला. काकूंना ही बातमी भाजीवाल्याकडून कळली. त्या तशाच पिशवी हातात घेऊन माझ्या दुकानात आल्या. "भाऊ, चला माह्यासंगं. मले एकलीले जमत नाई."

मी शटर ओढलं. अमरावतीच्या बसमध्ये, जन्मभर उभ्याने प्रवास केलेली ती बाई माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

भावाचं घर साधं, नीटनेटकं. मॅडम खिडकीपाशी पलंगावर होत्या. उजवा हात उशीवर ठेवलेला. त्यांनी काकूंना लगेच ओळखलं, डोळे भरून आले. पण बोलता येत नव्हतं. भावाची बायको म्हणाली, "त्यांना सगळं समजतं. फक्त शब्द सापडत नाहीत. एकच शब्द येतो."

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. मॅडमचा डावा हात त्यांनी हातात घेतला. "मॅडम, मी ते बोललो होतो ना, त्या दिवशी. एकल्या म्हनून. मले तसं नव्हतं बोलाचं वो. तोंडातून निंगालं."

मॅडमनी मान हलवली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "पण," त्या म्हणाल्या. "पण... पण..." पुढचा शब्द येईना. त्यांनी पुन्हा जोर लावला, कपाळाची शीर फुगली. "पण."

"पन काय, मॅडम?"

मॅडम रडायला लागल्या. आता आराम करू द्या, असं भावाची बायको म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारपासून काकूंनी तळ्यावर येणं सोडलं. दर रविवारी सकाळच्या बसने त्या अमरावतीला जायच्या. मऊ खिचडीचा डबा न्यायच्या, भरवायच्या, केस विंचरायच्या. तळ्यावर आता मी जायचो आणि आल्यावर फोन करून सगळं सांगायचो, कारण पुढच्या रविवारी काकूंना ते मॅडमना सांगायचं असे, जणू स्वतःच पाहून आल्यासारखं. "नीट सांगा भाऊ. चोच कशी होती?" माझ्या वर्णनात गडबड झाली की त्या रागवायच्या. एकदा त्यांनी शराटीला बगळा म्हटलं तेव्हा मॅडम खुदकन हसल्या, हे त्यांनी मला बसस्टँडवरूनच फोन करून कळवलं.

पुढच्या थंडीत मॅडम गेल्या. झोपेतच.

दोन्ही गट मिळून आता एकच झालाय. आम्ही आठ-दहा जण जातो. पुस्तकात पाहून नावं ओळखतो, बरीच चुकतात. काकूंना बोलवायला दोन-तीनदा गेलो. "येतो ना, पुढच्या रविवारी येतो," म्हणतात. येत नाहीत. आता त्यांना आग्रह करायचं आम्ही सोडून दिलंय.

मध्ये एका रविवारी तळ्यावरून परतताना मला त्या बसस्टँडच्या बाकावर दिसल्या. स्कूटर लावून जवळ गेलो. बाजूला पिशवी होती, पिशवीत डबा.

"कुठं निघाल्या काकू?"

"कुठीच नाई." त्या ओशाळल्यासारखं हसल्या. "सकाळी उठलो, खिचडी टाकली, इथी आलो. तिकीट काढाच्या येळी ध्यानात आलं."

मी शेजारी बसलो. काही वेळ आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहिल्या. मग त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमी तं होते तिथं. त्या पन, पन म्हनत होत्या. 'पन मी माफ केलं' म्हनत होत्या का 'पन तुमी बोललेच कावून' म्हनत होत्या? तुमाले काय वाटते?"

माफ केलं म्हणत होत्या, असं मी सांगितलं. लगेच सांगितलं. काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली आणि मी स्कूटरवर सोडतो म्हणत असतानाही त्या चालत घराकडे निघाल्या.