खोको बंद करा

ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची माफी असावी. हे कोणी वाचणार नाही, तरी सांगून ठेवते. चौथीनंतर पेन हातात आलं ते गॅसच्या पावतीवर सही करण्यापुरतंच.

आमच्या घराच्या मागे दोन खोल्या आहेत. समुद्र बघायला येणाऱ्यांना त्या आम्ही भाड्याने देतो. बोलणं सगळं घरचे, म्हणजे आमचे यजमान, करतात, मी जेवणाचं बघते. या वर्षी पुण्याची एक बाई महिनाभरासाठी आली. ती कॉम्प्युटरवर नोकरी करते. खोलीत इंटरनेट मिळेल या बोलीवर तिने महिन्याचं भाडं आधीच दिलं. त्या पैशांतून आम्ही खिडक्यांना जाळ्या मारल्या, टेबल आणलं आणि कुडाळहून वायफायचा राउटर आणला. ती गेली असती तर पैसे परत द्यावे लागले असते, आणि पैसे तर संपले होते.

केबलवाल्याची वायर फक्त ओटीवर, टीव्हीपर्यंत येते. तिथे त्याचं इंटरनेटचं मशीन आहे. मशीनची वायर बाईच्या कॉम्प्युटरला लावली की सगळं चालायचं. पण घरचे बातम्या लावून बसलेले, त्यांच्या शेजारी बसून ती काम कसं करणार? म्हणून घरच्यांनी ती वायर काढून राउटरला लावली. राउटरचे दिवे लागले, मोबाइलवर त्याचं नावही दिसलं, पण इंटरनेट काही येईना. पुन्हा कॉम्प्युटरला लावली, तर आलं.

मला तिथेच शंका आली. राउटर माझ्याकडूनच घ्या, म्हणून केबलवाला मागे लागला होता. आम्ही कुडाळला स्वस्त मिळाला म्हणून तिकडून घेतला. शेजारची जाऊ कुंपणावरून म्हणाली, "तुमी तेच्याकडसून घेवक नाय, म्हणान तेना खंयतरी कळ दाबल्यान." त्यानेच मुद्दाम अडवलंय, हे मला पटलं. जावेचाही भरवसा नाही म्हणा, तिच्याही खोल्या त्या वेळी रिकाम्याच होत्या.

घरच्यांनी केबलवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. तो बांद्याच्या बाजूला तुटलेली वायर जोडत होता.

"वयनीनू, खोको बंद करा, वायच थांबा, मगे चालू करा," एवढंच तो म्हणाला.

मी खोका बंद केला. घरच्यांच्या बातम्या गेल्या, ते पुटपुटले. थोडं थांबून चालू केला. राउटर तसाच. पुन्हा फोन केला तर त्याचं तेच उत्तर, आणि आता आवाज चढलेला. सगळ्यांना हा एकच मंत्र सांगतो आणि यायचं टाळतो, असं मी घरच्यांना म्हटलं.

बाईने विचारलं, बॉक्स बंद करून बघितला का? दोनदा बघितला, मी सांगितलं. मग ती स्वतः वाकून मशीनच्या मागच्या वायरींना हात घालायला गेली. तो मी घालू दिला नाही. वायर हलवली तर जबाबदारी तुमची, असं केबलवाल्याने बसवतानाच बजावलं होतं. शिवाय परक्या बाईने आपल्या ओटीवर काय ओढलं, काय सोडलं, ते आपल्याला कळणार कसं?

रविवारपर्यंत तिने ओटीवरच कॉम्प्युटरला वायर लावून काम केलं आणि वाट बघितली. मग ओरोसला तिची मैत्रीण सरकारी क्वार्टर्समध्ये राहते, तिच्याकडे जाते म्हणाली. जाताना भांडली नाही. मी इथे राहिले तेवढ्या दिवसांचे कापून बाकीचे सवडीने द्या, म्हणाली. सवडीने द्या म्हणणाऱ्या माणसाची मला जास्तच भीती वाटते. बाहेर जाऊन ते काय सांगतील, याचा नेम नसतो.

ती गेल्यावर केबलवाला उगवला. चप्पल काढली, सरळ जाऊन वायर राउटरला लावली आणि इंटरनेटच्या मशीनची पिन भिंतीतून उपटली. मग चहा मागितला, बांगडा काय भावाने मिळतो ते विचारलं. चहा संपल्यावर पिन लावली. मागच्या खोलीत मोबाइल धरून उभे असलेले घरचे ओरडले, "इला!"

मला वाटलं, कळ सोडली याने.

"खोको बंद केल्यात मां तुमी?" त्याने विचारलं.

मी टीव्हीखालचा काळा डबा दाखवला. आमच्याकडे खोका म्हणजे तोच. टीव्हीचं चित्र अडकलं की गावात सगळे तोच बंद करतात, आणि त्याला खोको म्हणायला यानेच शिकवलं.

त्याने इंटरनेटच्या मशीनकडे बोट केलं. "ह्यो न्हंय गो वयनी, तो. तो पयलो जेका बघता तेकाच वळाखता. तुमच्या राउटरासारखो दुसरो इलो की दारात उभो करता. बंद करून चालू केल्याशिवाय इसरना नाय." मग हसून म्हणाला, "तुमच्यासारखोच सोभाव तेचो."

घरचेही हसले. मी आत गेले. माझी चूक झाली खरी, पण कुठला खोका ते एकदा तरी त्याने नीट सांगायचं होतं. मुद्दाम सांगितलं नाही, असं मला अजून अधूनमधून वाटतं.

बाईला फोन केला, पण तिचं ओरोसला बस्तान बसलं होतं. घरचे म्हणाले, ती स्वतः सांगते तर इथे राहिली तेवढ्या दिवसांचे कापून घेऊ. मी नको म्हटलं. तिने ते दिवस ओटीवर पाठ मोडून काढले होते, आणि कापले असते तर जावेला बोलायला विषय मिळाला असता. पुढे गोव्याकडची दोन कुटुंबं येऊन राहिली, कोकमं विकली, तसतसे मोबाइलवरून थोडे थोडे पाठवत गेलो. दर वेळी पोचले का, ते मी फोन लावून तिच्याच तोंडून ऐकून घेतलं. काल उरलेले पाठवले. "पूर्ण मिळाले, ताई," ती म्हणाली.