पानं खुडायचे दोन हजार

माहीम गावात जमनाकाकूंचा हट्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा गेला तेव्हा दिरांनी वाडी विकून टाकायचा सल्ला दिला. काकूंनी तो नीट ऐकून घेतला, दिरांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पानवेलीची नवी रांग लावली. त्याला वीस वर्षं झाली.

पण टाळेबंदीच्या एप्रिलमध्ये काकूसुद्धा हबकल्या. गाड्या बंद, बाजार बंद, पानाची एक करंडी जागची हलेना. गिऱ्हाईक नाही म्हणून वेल थोडीच थांबते! वेळेवर खुडलं नाही तर पान पिकतं, खाली पडून कुजतं, आणि ती कूज मुळाला लागली की अख्खी रांग बसते. वाडी गेली तर काकूंचं सगळंच गेलं.

अशात शेतकऱ्यांच्या खात्यात सरकारचे दोन हजार जमा झाले. शेजारच्या पानवाडीतल्या दामूने त्यातून किराणा भरला. काकूंनी हिनाला निरोप धाडला.

हिना पाड्यावरची. दहा वर्षं काकूंकडे पानं खुडायला येणारी. नावावर वीतभर जमीन नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या यादीत नावही नाही. नवऱ्याचं बोईसरच्या कारखान्यातलं काम बंद पडलेलं. आठवड्यापूर्वी काकूंनी तिच्याकडे तांदूळ पाठवले, तर बाईने "आमचं भागतंय" म्हणून पिशवी तशीच परत धाडली. काकूंना सव्वाशेर भेटली होती.

"रोजचे दोनशे, दहा दिवस," काकू म्हणाल्या. "खुडायचं आणि त्या खड्ड्यात टाकायचं."

दामू कुंपणापलीकडून हसला. "काकू, पैशे देऊन पानं खड्ड्यात घालता? डोकं ठिकाणावर हाय ना तुमचं?"

"आदी वेल जगली पायजे. डोक्याचं मागून बगू."

मुलगा मेहुल तारापूरच्या कंपनीत कामाला. तोही महिनाभर घरीच बसून होता. तो म्हणाला, "आई, मी रिकामाच हाय ना. मी खुडतो, फुकट."

काकू तडकल्या. "तुला काय येतंय त्यातलं? नख चुकलं की वेलीचा डोळा जातो, मग तिथं नवं पान फुटत नाय. तू पाणी सोड जा."

मेहुल काहीतरी बोलणार होता. आईच्या तोंडाकडे बघून तो निमूट मोटरपाशी गेला.

हिनाने दहा दिवस खुडलं. पान खड्ड्यात जायचं असलं तरी तिने ते देठ राखूनच खुडलं, आणि रोज संध्याकाळी दोनशे रुपये पदराला बांधून ताठ मानेने घरी गेली. काकूंना त्या दिवसांत फार बरं वाटायचं.

पुढे माल जायला लागला तेव्हा दामूच्या अर्ध्या रांगा पिवळ्या पडलेल्या, आणि काकूंची वाडी हिरवीगार. बिचारा नव्या वेलींसाठी बेणं मागायला आला. काकूंनी त्याला मनसोक्त चिडवून घेतलं आणि मग हवं तेवढं बेणं दिलं.

पहिल्या करंड्या भरायच्या दिवशी हात कमी पडले. मेहुल रांगेत शिरला आणि भराभर खुडू लागला. देठ शाबूत, एकाही डोळ्याला धक्का नाही. हिना बघतच राहिली.

"मेहुलभाऊ, हे कवा शिकला तुमी?"

"सातवीत होतो. आईनेच शिकवलं," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

हिनाचा हात थांबला. तिने काकूंकडे पाहिलं. काकू पाठ फिरवून एक वेल बांधत होत्या. ती वेल त्यांनी सकाळीच बांधलेली होती.

 मग हिना पुन्हा खुडायला लागली.

"काकू, ते तवाचे तांदूळ हायेत का संपले?"

"हायेत की."

"मंग भात जरा जास्ती टाका. आज मी जेवूनच जाते."