बंद पुड्याची चव

मंदाची माय कोणतीही वस्तू चाखल्याशिवाय घरात आणत नसे. अकोल्यात आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात गेली की आधी शेंगदाण्याच्या पोत्यात हात. मग गूळ, मग फुटाणे. अर्धं स्वतःच्या तोंडात, अर्धं माझ्या तळहातावर. मी चावत असायचो तोवर तिचा निकाल लागलेला असे. "खवट हाये. चाला." मला कधी विचारलं नाही, आणि मलाही ते बरं होतं. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा, चौथी शिकलेला माणूस. खाणं माझं, चव तिची.

नावाने मी तिला कधी हाक मारली नाही. मंदा आमची एकुलती एक, अमरावतीला दिलेली. म्हणून ही मंदाची माय.

माझी शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलं. मला संध्याकाळच्या चहासोबत वाटीभर तिखट शेव लागायची. मी म्हणालो, "माणसाले मरायचंच असते." ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मरा ना. पण माझ्या मागून. मले कुंकवासकट जायचं हाये. तुमाले जगवून राहिली, ते काई तुमच्या लाडासाठी नाई."

हे तिचं जुनं मागणं. वडाला सूत गुंडाळतानाही शेजारणींना सांगायची, "सात जन्म कोन काढते याच्यासंग? मले पयले ने म्हना, बस."

एकदा मंदाने आम्हाला अमरावतीच्या एका मोठ्या दुकानात नेलं. तिथे किराणा आपल्या हाताने उचलायचा. एका भिंतीला नुसता सेंद्रिय खाऊ. ज्वारीचा भाजका चिवडा, नाचणीच्या काड्या, असलं काहीबाही. मंदा चिवड्याच्या पुड्यावरचं वाचून दाखवत होती, "माय, खत-फवारणी न करता पिकवलेलं हाये. तळेल बी नाई. बाबाले चालते." तिचं वाचून व्हायच्या आत मंदाच्या मायने पुडा दाताने फाडला. अर्धी मूठ तिच्या तोंडात, अर्धी माझ्या हातावर.

"बाप्पा! काहून फोडला? इथं आधी बिल करा लागते!" मंदा लाजून लाल झाली. दुकानातली मुलगी धावत आली. "काकू, असं चालत नाही."

"अवं पोरी, तोंड उघडल्याबिगर मानूस समजत नाई, पुडा कसा समजंल? घे, तू बी पाय."

मुलीने आजूबाजूला पाहिलं आणि चिमूटभर तोंडात टाकला. "मी बी पयल्यांदाच खाऊन राहिली, काकू," ती हसली.

"ज्वारी ताजी हाये. मीठ कमी हाये, पन त्याले काई होत नाई," मंदाच्या मायने निकाल दिला आणि थैली भरून घेतली.

परत येताना बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर आलूबोंड्याचा घमघमाट. माझे पाय तिकडे वळले तशी तिने पुडा पुढे केला.

"हे ढोराचं खानं हाये," मी म्हणालो.

"ढोराले शुगर नसते. खा."

घरी डबाभर शेव पडून होती. ती फेकणं तिच्या जिवावर आलं. "अन्न हाये ते," म्हणत रोज माझ्या वाटीत ज्वारी आणि स्वतःच्या वाटीत शेव. तो डबा संपला तरी पाहुण्यांसाठी म्हणून दुसरा आला, आणि उरलेली तीच खायची. दवाखान्यात बीपीचा पट्टा बांधायला माझा दंड धरून पुढे करायची. स्वतःचा हात पदराखाली. "मले काय धाड भरली?" तिच्या दंडाला तो पट्टा कधी लागलाच नाही.

माझी शुगर उतरली. तिने ते गल्लीभर सांगितलं, जणू पोरगं पास झालं.

मागच्या थंडीत सकाळी चहा गाळता गाळता छातीला हात लावून खाली बसली. रिक्षा येईपर्यंत सगळं आटोपलं. बायांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळभर कुंकू लावलं. "भाग्याची बाई," म्हणाल्या. असेल. तिचं मागणं पुरं झालं. त्यासाठीच तर मी इतके दिवस ज्वारी चावत होतो.

परवा मंदाकडे गेलो तेव्हा एकटाच त्या दुकानात शिरलो. मुलीने ओळखलं. "काकू नाही आल्या?" मी सांगितलं. मग तिनेच एक पुडा काढला, फाडला आणि माझ्या हातावर ओतला. "नवीन आला हाये, काका. बिलाचं मी पाहून घेईन."

अर्धी मूठ तोंडात टाकली. अर्धी तळहातावर तशीच राहिली.

"कसा लागते?" तिने विचारलं.

मी चावत राहिलो. आता सांगेल कोणी, म्हणून.