सीट भरल्याशिवाय

आमच्या दर्यापूरच्या जीपवाल्याचा एकच नियम आहे: सीट भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. त्यापायी मी त्याच्याशी कितीदा भांडलो आहे. वाटेत आदिमानवाने उभा केलेला उंच दगड दिसला, की तो हॉर्न वाजवून ओरडतो, "राम राम, बुढ्या!"

रस्ता रुंद करायला जेसीबी तो दगड उपटू लागला, तेव्हा याने भरलेली जीप दगडाला खेटून लावली. मी पुरातत्त्व खात्याला फोन लावला.

"गाडी काढ!" जेसीबीवाला खेकसला.

"सीट भरल्याशिवाय नाई हालत, भाऊ."

आम्ही सगळे हसत खाली उतरलो.

दुपारी खात्याचे साहेब मनाईहुकूम घेऊन आले आणि जेसीबी मागे फिरला. साहेबांनाही जीपमध्ये कोंबत जीपवाला ओरडला, "चाला, भरली सीट! राम राम, बुढ्या!"